सजावट लावायला सगळे, उतरवायला मी एकटी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत आणि नोकरी करतात. घरात पती, सासूबाई, १४ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी आहे. सणाच्या आधी घर सजवायला सगळेजण उत्साहाने पुढे येतात. सण संपल्यावर ते सगळे उतरवून, गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवण्याचे काम मात्र दरवर्षी त्यांच्याच वाट्याला येते. गेल्या वर्षी महिनाभर वाट पाहून, एका रात्री रागाच्या भरात त्यांनी एकटीने सजावट उतरवली आणि मोठ्या पिशव्यांत कोंबली. यंदा पिशव्या उघडल्या तेव्हा दिव्यांच्या माळांचा गुंता झाला होता, बॅटरीच्या डब्यांत पांढरा क्षार साचला होता, मुलीने केलेले कागदी पक्षी चुरगळले होते आणि सासूबाईंनी तरुणपणी भरतकाम करून शिवलेल्या कापडी पताकांवर तांबूस डाग पडले होते. मुलगी रडली; सासूबाई काही न बोलता उठून गेल्या. पती म्हणतात, ‘दरवर्षी नवे आणू, सगळे जुने टाकून देऊ.’ सासूबाईंना एकही वस्तू टाकलेली चालत नाही. यंदाचा सण होऊन ७ आठवडे झाले आणि सजावट अजून जागच्या जागी आहे. बाई विचारतात, ‘हा माझा आळस आहे का? घरात कोणी मदत करत नाही. हे सगळे नीट ठेवायचे तरी कसे, की खरेच टाकून द्यावे?’

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात ‘आळस’ हा शब्द तीन वेळा आला आहे आणि तिन्ही वेळा तो तुम्ही स्वतःलाच लावला आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करू. सजावट लावण्याच्या कामाला तारीख असते. पाहुणे येणार असतात, मुले शाळेतून आल्या आल्या ‘आज काय लावायचे?’ म्हणून विचारतात, आणि काम झाले की दिवे लावून सगळेजण दोन मिनिटे उभे राहून ते डोळे भरून पाहतात. उतरवण्याच्या कामाला यातले काहीच नसते. ते आज केले काय आणि पुढच्या रविवारी केले काय, कोणाचे अडत नाही. आणि ते पूर्ण झाल्यावर मागे राहते ती मोकळी भिंत. ज्या कामाला तारीख नाही, सोबत नाही आणि शाबासकीही नाही, ते कष्टाळू माणसाच्या हातूनही लांबणीवर पडते. तरीही इतकी वर्षे ते शेवटी तुम्हीच पार पाडले आहे. तेव्हा हा शब्द आता बाजूला ठेवावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

मात्र सजावट ७ आठवडे तशीच राहिल्याने काही बिघडत नाही, असे मी म्हणणार नाही. लोक काय म्हणतील हा प्रश्न मी विचारात घेत नाही. वस्तूंचे काय होते एवढेच पाहते. चिकटपट्टी जितके दिवस भिंतीवर राहते, तितका तिचा गोंद रंगाला घट्ट धरत जातो आणि मग ती ओढताना रंगाचा पापुद्राही निघून येतो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने कागदाचे आणि कापडाचे रंग उडतात, आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. गॅलरीत उन्हापावसात राहिलेल्या माळेच्या वायरीवरचे प्लास्टिक कडक होते आणि पुढे तडकते. स्वयंपाकघराजवळच्या वस्तूंवर तेलकट धूळ बसते, जी काही आठवड्यांनी कोरड्या फडक्याने निघेनाशी होते. म्हणजे गेल्या वर्षीचे सगळेच नुकसान तुमच्या त्या एका रात्रीच्या कोंबाकोंबीने झाले, असे समजू नका. त्यातले काही नुकसान वस्तू भिंतीवर असतानाच सुरू झाले असणार.

आता टाकावे की ठेवावे, या वादाकडे येऊ. तुमचे पती आणि सासूबाई एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात असे वाटते, पण दोघांच्या बोलण्यात एक शब्द समान आहे, तो म्हणजे ‘सगळे’. सगळे टाकू, नाहीतर सगळे ठेवू. आणि तुम्हीही नकळत तोच शब्द उचलून विचारले आहे की हे ‘सगळे’ नीट कसे ठेवायचे. माझ्या मते अडचणीचे मूळ इथे आहे. दुकानातून आणलेली प्लास्टिकची फुले आणि सासूबाईंच्या हातच्या पताका एकाच पिशवीत गेल्या, कारण दोन्हींचे नाव ‘सजावट’ एवढेच होते. खरे तर घरातल्या सजावटीत एकच फरक पाहण्यासारखा असतो: ही वस्तू पुन्हा मिळू शकते की नाही? पताका पुन्हा मिळणार नाहीत. मुलीने या वयात केलेले पक्षी तिला १२ व्या वर्षी तसे करता येणार नाहीत. दिव्यांची माळ मात्र पुन्हा मिळेल. पुन्हा न मिळणाऱ्या वस्तू आपल्याला वाटतात त्यापेक्षा संख्येने फार कमी असतात. बहुतेक घरांत त्या एका मध्यम आकाराच्या खोक्यात मावतात. त्या एका खोक्यासाठी जीव ओतून श्रम घ्या. बाकीच्या वस्तूंना नीटनेटकेपणा पुरतो.

ही निवड कधी करायची, याबद्दल माझे मत ठाम आहे. ती उतरवण्याच्या दिवशीच करायला हवी. एरवी ती पुढच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, धूळ झटकता झटकता, घाईत होते आणि म्हणूनच होत नाही. जे हाताला लागेल ते लावले जाते आणि उरलेले परत पिशवीत जाते. उतरवताना मात्र सगळे ताजे असते. कोणती माळ अर्धीच पेटत होती, कोणता आकडा सारखा निसटत होता, कोणत्या वस्तूपाशी येणारा प्रत्येकजण थांबत होता, हे घरातल्या सर्वांना त्या दिवशी नेमके आठवत असते. आणि कोणती वस्तू यंदा पिशवीतून बाहेरच आली नाही, हेही तेव्हाच कळते. सलग दोन वर्षे जी कोणी बाहेर काढली नाही आणि जिच्याशी कोणाची आठवण जोडलेली नाही, ती पोटमाळ्यावर परत पाठवू नका. चांगली असेल तर जिथे ती लावली जाईल अशा घरी द्या. मोडकी असेल तर तिथेच निरोप द्या.

तुमच्या पतींच्या म्हणण्यात जे योग्य आहे, ते एवढेच. त्यापुढचे, म्हणजे दरवर्षी सगळे नवे आणण्याचे, मला पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ खर्च हे नाही. नवी सजावटसुद्धा सणानंतर कोणीतरी उतरवावीच लागेल. वायरी, बॅटऱ्या आणि थर्मोकोल वेगवेगळे करून, ते जिथे गोळा केले जातात तिथे नेऊन द्यावेच लागतील, कारण विजेच्या वस्तू आणि बॅटऱ्या नेहमीच्या कचऱ्यात जाऊ नयेत. म्हणजे ज्या कामाने तुम्ही थकला आहात, ते काम या तोडग्याने कमी होत नाही. फक्त पोटमाळा रिकामा होतो. जो माणूस उतरवण्याच्या कामात कधी उतरलेला नाही, त्याला ते दिसत नाही, यात त्यांचा वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. घरातला तणाव संपावा म्हणून त्यांनी सर्वांत जवळचा उपाय सुचवला असावा. तो वाद म्हणून न खोडता, त्यांना एकदा या कामात शेजारी उभे करा.

आणि इथेच मला तुमच्या आणखी एका शब्दाबद्दल हळुवारपणे विचारायचे आहे. ‘घरात कोणी मदत करत नाही’, असे तुम्ही लिहिले आहे. मदत ज्याचे काम असते त्याला केली जाते. हे काम तुमचे आहे, हे कोणी ठरवले? लावताना ते सगळ्यांचे होते. सण संपल्यावर ते केव्हा तुमचे झाले, हे कदाचित तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून घरात बोलताना ‘मला मदत करा’ असे म्हणू नका. ‘जे ज्याने लावले, ते त्याने उतरवायचे आणि जागेवर ठेवायचे’, असा साधा नियम मांडा. हे बोलणे वायरी हातात घेऊन, रागाच्या क्षणी नको. जेवणानंतर सगळे निवांत बसलेले असताना करा. पुढच्या वर्षीपासून सजावट लावण्याच्या दिवशीच उतरवण्याचा दिवस ठरवा आणि तो दिनदर्शिकेवर मुलीला तिच्या अक्षरात लिहू द्या. मुले स्वतः लिहिलेली तारीख विसरत नाहीत आणि मोठ्यांनाही विसरू देत नाहीत.

मुलाकडे माळा आणि विजेचा भाग द्या. त्याचे वय असे आहे की नेमके काम दिले तर तो ते मन लावून करेल, आणि नुसते ‘जरा हातभार लाव’ म्हटले तर खोलीत निघून जाईल. उंचावरचे पतींकडे: आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच शिडीवर पाय, आणि शिडी धरायला दुसरे माणूस. खुर्चीवर स्टूल ठेवून चढण्याची सवय असेल तर ती कृपा करून याच वर्षी सोडा. कागद मुलीकडे, कापड सासूबाईंकडे, तेही त्यांना बसल्या जागी करता येईल अशा बेताने. तुमच्या वाट्याला मी काहीच लिहिले नाही, ते मुद्दाम. पहिल्या वर्षी तुम्ही फक्त तिथे असा. ते तुमच्याइतके सफाईने करणार नाहीत, घड्या वाकड्या पडतील, एखादी माळ चुकीच्या खोक्यात जाईल. तरी ती त्यांच्या हातून काढून घेऊ नका. तसे केलेत तर काम पुन्हा तुमचेच होईल.

आता प्रत्यक्ष ठेवण्याकडे येते. सुरुवात माळांपासून, कारण सर्वांत जास्त चिडचीड त्यांची होते. माळ हाताचा पंजा आणि कोपर यांभोवती गुंडाळण्याची आपली सवय असते. त्यात प्रत्येक वेढ्याबरोबर वायरीला एक पीळ बसतो, आणि सोडवताना तेच पीळ एकमेकांत अडकून गुंता होतो. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन्ही टोकांशी खाच पाडा, वायरीचे एक टोक खाचेत अडकवा आणि पुठ्ठ्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या. एका वेढ्यात बसलेला पीळ पुढच्या उलट्या वेढ्यात सुटतो. वेढे सैल असू द्या. तांब्याच्या बारीक तारेच्या माळा तर एकाच जागी दोनचार वेळा वाकल्या तरी आतून तुटतात आणि तुटलेली जागा बाहेरून दिसत नाही. गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक माळ एकदा पेटवून पाहा. न पेटणारी माळ ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवली जाते आणि पुढच्या वर्षी तिची दुरुस्ती करायला वेळ नसतो.

प्रत्येक माळेचा अडॅप्टर तिच्याच पुठ्ठ्याला बांधा. अडॅप्टर दिसायला सारखे असले तरी कोणी ५ व्होल्टचा असतो, कोणी १२, कोणी २४, आणि चुकीचा जोडला तर चांगली माळ क्षणात निकामी होऊ शकते. बांधायला रबरबँड वापरू नका. ते काही महिन्यांत चिकट होतात किंवा तडकतात. सुती नाडी किंवा कापडाची पट्टी उत्तम.

बॅटरीवरच्या दिव्यांतून बॅटऱ्या काढल्याशिवाय ते खोक्यात जाता कामा नयेत. तुम्हाला जो पांढरा क्षार दिसला, तो याच चुकीचा. नेहमीच्या अल्कलाइन बॅटऱ्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक पदार्थ असतो. बॅटरी संपून पडून राहिली की तो बाहेर झिरपतो, हवेशी संयोग होऊन त्याचा पांढरा थर बनतो आणि आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. त्या डब्या लगेच टाकू नका. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून पट्ट्या पुसा, मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. पुष्कळदा दिवे पुन्हा लागतात. लहान, बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांबद्दल मात्र मला जास्त गंभीरपणे सांगायचे आहे. लहान मुलाने अशी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर २ तासांतही आत खोल भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तुमची मुलगी ९ वर्षांची आहे, पण घरी येणाऱ्या पाहुण्यांची मुले लहान असतील. या बॅटऱ्या काढताना मोजून काढा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि त्यांना लगेच घराबाहेरचा रस्ता दाखवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपचारात वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठायचे असते.

सासूबाईंच्या पताकांचा मी बराच विचार केला. तांबूस डाग टाचण्या किंवा सेफ्टी पिना होत्या त्याच जागी आहेत का, ते पाहा. तसे असेल तर तो गंज आहे: धातू कापडात राहिला, दमट हवा मिळाली आणि गंज धाग्यात उतरला. ठिपके विखुरलेले असतील आणि त्यांना कुबट वास येत असेल, तर ती बुरशी समजावी. गंजाच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच चुकूनही वापरू नका. त्याने डाग निघण्याऐवजी पक्का होतो आणि कापड कमजोर होते. लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लाने गंज फिका पडतो हे खरे, पण रंगीत भरतकामाच्या धाग्याचा रंग त्याने सुटू शकतो. माझा सल्ला असा की सगळ्या टाचण्या, तारा, हुक काढून टाका, म्हणजे डाग वाढणार नाही, आणि जे डाग आहेत ते राहू द्या. सासूबाईंना बहुधा डागापेक्षा त्या पताका पिशवीत कोंबल्या गेल्या, याचे अधिक दुःख असेल. ते तुम्ही त्यांच्याशी बोला. मुद्दाम केले नव्हते, एवढे सांगितले तरी चालेल.

कापड ठेवण्यापूर्वी ते स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असावे. खळ घालून ठेवू नका, कारण कसर खळ खाते. खळ आणि इस्त्री पुढच्या वर्षी, लावण्याआधी. पताका घडी घालून ठेवल्या तर वर्षानुवर्षे त्याच रेषेवर धागे तुटतात, म्हणून पुठ्ठ्याची रुंद नळी घेऊन तिला जुने, धुऊन मऊ झालेले पांढरे सुती कापड गुंडाळा आणि त्यावर पताका भरतकामाची बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळा. वस्तुसंग्रहालयांतही जुनी सपाट वस्त्रे अशीच नळीवर गुंडाळून ठेवतात. नळी मिळाली नाही आणि घडी घालावीच लागली, तर घडीच्या आत कापडाची गुंडाळी भरा म्हणजे रेष तीक्ष्ण पडत नाही, आणि दरवर्षी घडीची जागा बदला.

कागदी पक्ष्यांसाठी वर्तमानपत्र वापरले असेल तर पुढे वापरू नका. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो, कालांतराने आम्लधर्मी होतो आणि शेजारच्या कागदालाही पिवळा करतो, शिवाय शाई लागते ती वेगळीच. आम्लरहित पांढरा पातळ कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर तेच जुने धुतलेले सुती कापड. चुरगळलेले पक्षी मुलीबरोबर बसून हळूच उलगडा, स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तके ठेवा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. पूर्वीसारखे होणार नाहीत, पण पुन्हा घडी घालण्याइतके सरळ होतील. फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. आणि कोणते पक्षी ठेवायचे ते तिला निवडू द्या. आपण मोठी माणसे मुलांच्या हातचे एकतर सगळे जपतो, नाहीतर त्यांना न विचारता टाकतो. तिला विचारले तर ती दहातले तीन निवडेल आणि बाकीच्यांचा एक फोटो पुरेल.

काच आणि मातीच्या नाजूक वस्तू एकेक वेगळ्या गुंडाळून, खणांच्या खोक्यात, जड खाली आणि हलक्या वर, एवढे पुरे. मेणाच्या वस्तूंबाबत मात्र सांभाळा. मेणबत्तीचे मेण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ होते. उन्हात तापणाऱ्या छपराखालचा पोटमाळा तेवढा गरम होऊ शकतो. माझ्या आईने रंगवलेल्या चार मेणबत्त्या मी अशाच ठेवल्या होत्या आणि एका उन्हाळ्यानंतर त्या रेशमी फितींसकट एकच गोळा होऊन निघाल्या. तेव्हापासून मेण, गोंदाने चिकटवलेल्या वस्तू आणि पुन्हा न मिळणारे ते एक खोके मी पोटमाळ्यावर ठेवत नाही. कपाटाच्या खालच्या खणात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवते. डांबराच्या गोळ्या थर्मोकोलजवळ नकोत, त्यांच्या वाफेने ते मऊ पडून विरघळू लागते; आणि मुलांच्या घरात त्या गोळ्या मुळातच नसाव्यात, कारण त्या गिळल्यास विषारी आहेत.

ओलावा हा या सगळ्या वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रू आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सतत ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदाकापडावर बुरशी धरू लागते. म्हणून पावसाळी, कुंद दिवशी खोकी भरू नका. उतरवलेल्या वस्तू पुसून, एखादा दिवस मोकळ्या हवेत, सावलीत पसरून ठेवा आणि मगच बंद करा, कारण ओलसर वस्तू हवाबंद डब्यात ठेवणे म्हणजे ओलावाही तिच्याबरोबर आत कोंडणे होय. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. सैल झाकणाच्या खोक्यात त्या सगळ्या खोलीचा ओलावा शोषून चार दिवसांत निरुपयोगी होतात. डब्यासाठी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक चांगले, पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळाव्यात. त्या काळाने चिकट होतात आणि आतल्या वस्तूला चिकटतात.

खोकी फार मोठी घेऊ नका. एका माणसाला शिडीवरून सहज खाली देता येईल, एवढेच वजन एका खोक्यात असावे. खोक्यात काय आहे हे वरच्या झाकणावर नव्हे, तर समोरून दिसणाऱ्या बाजूवर लिहा, कारण पोटमाळ्यावर झाकण दिसतच नाही. वस्तूंच्या प्रकारानुसार भरण्यापेक्षा जागेनुसार भरलेली खोकी लावताना सोपी जातात: ‘दार आणि बाहेरची गॅलरी’ हे एक, ‘बैठकीची खोली’ हे दुसरे. त्यातच त्या जागेचे हुक, दोरा आणि उतरवण्याआधी काढलेला फोटो ठेवा. आणि सर्वांत वर एक चिठ्ठी: ‘खिडकीची माळ दोन हात लांब पडते’, ‘निळा दिवा बदलला, नवा घेऊ नये’. आज तुम्हाला अगदी उघड वाटणारी ही माहिती वर्षभराने घरात कोणालाच आठवणार नाही.

ज्या वाचकांच्या घरी इतकी माणसे नाहीत, जे एकटे राहतात किंवा ज्यांच्या घरी पोटमाळाच नाही, त्यांना एवढेच सुचवते की हे काम एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नये. एका संध्याकाळी एक खोली, दुसऱ्या संध्याकाळी फक्त वायरी. आणि जेवढे एका खोक्यात मावते तेवढीच सजावट, ही मर्यादा लावताना नव्हे तर आणतानाच पाळावी. पुढच्या सणाच्या खरेदीला निघताना खोक्यातली चिठ्ठी सोबत असावी.

तुम्ही मात्र आता पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. येत्या रविवारी सगळी सजावट उतरवू, असेही ठरवू नका. ७ आठवड्यांच्या साचलेल्या रागाला एक रविवार पुरणार नाही. आधी फक्त उन्हात असलेली गॅलरीतली माळ मुलाकडून उतरवून घ्या. भिंतीवरच्या पट्ट्या केस वाळवण्याच्या यंत्राने थोड्या गरम करून, भिंतीला समांतर, सावकाश ओढा. ते काम पतींना द्या. त्यानंतर एका दुपारी सासूबाईंसमोर पताका आणि मुलीसमोर पक्षी ठेवून, एक मध्यम खोके मधे घेऊन बसा. प्रत्येक वस्तू आत जाण्यापूर्वी ती कोणी, कधी केली हे सासूबाईंना सांगू द्या; टाकायचे काय हे त्यांना विचारू नका, या खोक्यात कोणत्या वस्तू जाव्यात एवढेच विचारा. त्या बहुधा दुकानातल्या प्लास्टिकच्या फुलांचे नावही घेणार नाहीत. खोक्यावरची चिठ्ठी त्यांच्या हाताने लिहून घ्या, आणि तिच्याखाली आत किती पक्षी आहेत तो आकडा मुलीला लिहू द्या.